रविवारी पार्टी यायच्या आधी

अगं पोरी,

रात्री दीडला टाकलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला आणि चहा गार झाला. तीन वर्षं त्या एमजीएवर, एमजी कंपनीच्या जुन्या विलायती स्पोर्ट्स कारवर, राबलीस त्याचं कौतुक करत बसत नाही, फोटो पाहिलेत मी, गाडी कशी झालीये ते तुलाही कळतं. मुद्द्याचं बोलू. रविवारी मुंबईची पार्टी गाडी बघायला येणार, ब्रोकर म्हणतो इंजिन ओरिजिनल सांग, इंजिन नंबराची पट्टी मी बनवून आणतो, चार रिव्हेट मारले की झालं. आणि तू मला विचारतेस, "काका, सगळेच करतात का असं?"

करतात. मग?

तुझ्या आजोबांनी त्या गाडीत ॲम्बॅसेडरचं इंजिन टाकलं यात लाजण्यासारखं काय आहे ते मला सांग. त्या काळात एमजीएच्या इंजिनाचा ब्लॉक फुटला तर आणणार कुठून, आणि कुर्ल्याला ॲम्बॅसेडरची इंजिनं रांगेत पडलेली असायची. शिवाय दोघांचं घराणं एकच, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी सिरीज इंजिन, 1489 सीसी. एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1955 पासून एमजीए 1500 मध्ये जे बसायचं त्याचाच भाऊ बंगालमधल्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यातून ॲम्बॅसेडरमध्ये बसून फिरत होता. म्हणून तर ब्रोकरची हिंमत होते ना, वरून एमजीएसारखे दोन एसयू कार्ब्युरेटर बसवले की लांबून फरक कळत नाही. ते जे आहे ते तसंच कागदावर लिही. कुठल्या साली बदललं, कुणी बदललं, मूळ ब्लॉकचं काय झालं, माहीत असेल तेवढं. माहीत नसेल तिथे माहीत नाही असं लिही. लिहून दे, तोंडी नको. तोंडी सांगितलेलं टोकन घेताना दोघंही विसरतात, विकणारा जरा जास्तच.

आता ती पट्टी. गाडी घेणारा उद्या चासी नंबर देऊन इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून सर्टिफिकेट मागवू शकतो, कारखान्याच्या जुन्या वहीतून ते सांगतात की ही गाडी कुठल्या तारखेला तयार झाली, कुठला रंग होता, कुठल्या नंबरचं इंजिन होतं. तुझ्या चासी नंबरातलं तिसरं अक्षर ए आहे, 1500 मध्ये ते अक्षर रंगाचं असतं आणि ए म्हणजे काळा. तू लाल केलीस. झकास दिसते लाल, मी पण लालच केली असती. लिहून दे.

पण पकडली जाशील म्हणून नको करू, असं मी सांगत नाहीये हां. नीट वाच. पकडलं न जाता पण खूप काही करता येतं, तेच तर मी केलंय.

1998 ला माझ्याकडे एमजी टीडी होती, 52 ची. त्या गाड्यांचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो, ॲश म्हणून विलायती लाकूड. माझ्या गाडीचं लाकूड इतकं कुजलेलं की दार उचललं की खांबासकट हातात यायचं. आमच्या गल्लीतल्या सुताराकडून सगळा सांगाडा सागवानात करून घेतला, महिनाभर तो जुन्या तुकड्यांवरून माप घेत होता, काय सांधे जमवले होते त्याने! वरून लाल रेक्झिन लावलं, कोणाच्या बापाला कळणार नाही. घेणारे मुंबईचे एक वयस्कर गृहस्थ, त्यांनी विचारलं बॉडी फ्रेम ठीक आहे ना, मी म्हटलं एकदम नवी. खोटं बोललो का? नाही. ॲश आहे का असं त्यांनी विचारलंच नव्हतं.

आणि मला अजूनही वाटतं सागवानच बरोबर होतं. आपल्या पावसात, आपल्या वाळवीत ॲश किती टिकणार? इथे गाडी चालवायची तर इथलंच लाकूड हवं, जरा जड होतं तर होऊ दे. उद्या कोणी समोर बसलं तर तासभर वाद घालीन मी यावर.

सहा वर्षांनी ते गृहस्थ पुण्यात आले होते, गाडी घेऊन घरी आले. बायकोने पोहे केले. निघताना दाराचं रेक्झिन एका कोपऱ्यात सुटलेलं, तिथे त्यांनी नखाने जरा खरवडलं, वास घेतला आणि म्हणाले, "सागवान आहे, छान काम आहे." बास, एवढंच. चिडले नाहीत, पैसे मागितले नाहीत. पण दर दिवाळीला फोन यायचा तो परत कधी आला नाही. जे मी आत्ता तुला तासभर भांडून सांगीन म्हणतोय ते त्यांना दोन ओळीत लिहून दिलं असतं तर कदाचित खूशच झाले असते ते. आता ते नाहीत.

तेव्हापासून मी प्रत्येक गाडीबरोबर काय काय बदललंय त्याची यादी देतो. त्या यादीची मला किंमत पडली नाही असं समजू नकोस, दोन डील यादी वाचून मोडली, मित्र म्हणतात हा स्वतःच्याच गाडीची बदनामी करतो. करतो. बायकोही म्हणते. चुकत असेन मी धंद्यात, पण आता या वयात बदलणार नाही.

तुला भाव कमी येईल. येऊ दे. समोरच्याला उद्या 2021 च्या नियमाखाली व्हीए नंबर घ्यायचा असेल, 50 वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांचा, तर त्यात चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे, तो बिचारा तुझ्या शब्दावर अर्ज भरणार आणि अडकणार. त्याला आधी कळू दे, मग घ्यायची की नाही ते तो ठरवेल. तिकडे लंडनला ले मान्सची शर्यत जिंकलेल्या एका जुन्या बेंटलीवरून 1990 मध्ये कोर्टबाजी झाली, एक कोटी पौंडाचा सौदा, भांडण काय तर एवढे भाग बदलल्यावर ही तीच गाडी का. जजने सांगितलं तीच. पण तिथे गाडीत काय काय कधी बदललं ते कोर्टापुढे मांडता तरी आलं ना, पट्टी ठोकणाऱ्याकडे काय असणार आहे मांडायला?

असो, चिडलो. तुझ्यावर नाही.

रविवारचं सांगतो. पार्टीबरोबर एखादा मॅग्नेटवाला येईल, नेहमी येतो. बोनेटला लावेल, चिकटणार नाही, मग पुट्टी पुट्टी ओरडेल. हसू नकोस, एमजीएचं बोनेट, डिकी आणि दारांचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो हे त्याला शांतपणे सांग. आणि मागच्या डाव्या मडगार्डाला खरंच पुट्टी आहे, फोटोत उजेड पडतो तिथे लाट दिसते, तिथे मॅग्नेट तू स्वतः लावून दाखव. दाराला बाहेरून हँडल नसतं, आत हात घालून दोरी ओढायची, ते ज्याला न सांगता जमलं तो गाडी ओळखणारा आहे, त्याच्याशी बोल, पैसेवाल्याशी नंतर. सीटमागच्या दोन्ही सहा व्होल्टच्या बॅटऱ्या शनिवारी चार्ज करून ठेव, पॉझिटिव्ह अर्थिंग आहे, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू गाडीच्या बॉडीला जोडलेली, घाईत उलटी लावू नकोस.

आणि ते यायच्या आधी गाडी गरम करून ठेवू नकोस. जाणते लोक पहिला हात बोनेटवर ठेवतात. थंडच स्टार्ट करून दाखव, धूर येईल थोडा, येऊ दे. चोकची वायर अडकते म्हणालीस ना परवा, ते पण लिहिलंस का यादीत?

तुझा,
काका