पावसात कोरे राहिलेले रेकॉर्डिंग

प्रश्न : रात्रीची मालिका रेकॉर्डिंगला लावून आम्ही सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलो. तेवढ्यात वळवाचा पाऊस झाला. घरी येऊन पाहतो तर मधली २० मिनिटे कोरी. रेकॉर्डर बिघडला काय?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : रेकॉर्डर बहुधा निर्दोष आहे. आपल्याकडील डिश सेवा केयू बँडवर (आखूड लांबीच्या रेडिओलहरींच्या एका पट्ट्यावर) चालते, आणि सुमारे ३६,००० किलोमीटरवरील उपग्रहाकडून येणारा क्षीण संकेत दाट सरींत इतका शोषला जातो की सेटटॉप बॉक्सपर्यंत काही पोहोचतच नाही. जे आलेच नाही ते हार्डडिस्कवर उतरणार कसे? निरभ्र आकाशातही असे घडल्यास मात्र गच्चीवर जाऊन पाहावे. डिशच्या दांड्याला दोरी बांधून ओल्या चादरी वाळत घातल्या असतील (सोलापुरात चादरींना काय तोटा!), तर ओढीने डिश सरकते, आणि एकदोन अंशांचा फरकही पुरतो. पावसाळ्यात मालिकेचे पुनःप्रक्षेपणही रेकॉर्डिंगला लावून ठेवावे.