कुत्र्याला फिट येण्यामागे घरातलं काही असू शकतं का?

तुमचा कुत्रा तीन वर्षांचा आहे, पाच आठवड्यांत त्याला दोनदा फिट आली, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि डॉक्टरांनी 'इडिओपॅथिक एपिलेप्सी' (म्हणजे दुसरं कोणतंही कारण न सापडलेला फिट्सचा आजार) असं निदान केलंय. तरीही तुम्हाला फरशी पुसायच्या लिक्विडचा आणि गोचिडांवरच्या नव्या गोळीचा संशय येतोय. माझ्या कुत्रीला पहिल्यांदा फिट आली तेव्हा मीही असंच सगळं घर धुंडाळलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विषामुळे फिट येते हे खरंच आहे. गोगलगायी मारायचं मेटाल्डिहाइड, ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं, उंदरांसाठीचं झिंक फॉस्फाइड, चॉकलेट, कचऱ्यातलं बुरशी आलेलं अन्न, यातलं काहीही पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. शुगर-फ्री च्युइंगममधल्या झायलिटॉलने तर कधीकधी अर्ध्या-एक तासातच कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. पण अशा वेळी सहसा नुसती फिट येत नाही. उलट्या होतात, लाळ गळते, अंग थरथरत राहतं, चाल डळमळते. एक फिट, मग चार-पाच आठवडे कुत्रा अगदी ठणठणीत आणि पुन्हा फिट, हे विषाचं लक्षण वाटत नाही. अपवाद शिशाचा. जुना रंग किंवा बॅटरी चघळायची सवय असेल तर शिसं हळूहळू अंगात साठतं आणि नेहमीच्या रक्ततपासणीत ते मोजलं जात नाही. त्याची चाचणी वेगळी सांगावी लागते. तुमच्या कुत्र्याला तशी सवय असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

गोळीबद्दलचा तुमचा संशय मात्र रास्त आहे. फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर, लोटिलॅनर ही गोचिडांवरची आयसॉक्साझोलिन गटातली औषधं. काही कुत्र्यांना त्यांच्यामुळे थरथर किंवा फिट येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये दिला होता. गोळीचं नाव आणि ती दिल्याची तारीख डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या गटातलं औषध मागा. गोचिडांवरचा उपाय पूर्ण बंद करू नका, गोचिडांमुळे होणारे आजारही वाईट असतात. फरशीचं लिक्विड पाणी घालून वापरत असाल आणि फरशी वाळल्यावरच कुत्र्याला तिथे सोडत असाल, तर त्याचा संबंध असेल असं मला वाटत नाही.

इथे कारण आणि निमित्त यांत फरक करायला हवा. वयाच्या सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत सुरू होणारी ही एपिलेप्सी मुख्यतः आनुवंशिक समजली जाते. म्हणजे कारण मेंदूतच असतं. दगदग, अति उत्तेजना, बदललेली दिनचर्या ही निमित्तं. निमित्तं टाळता येतात, पण तेवढ्याने आजार जात नाही.

हे मला उशिरा कळलं. डॉक्टर औषध सुरू करा म्हणत होते आणि मी लिक्विड बदल, चटया बदल, भांडी बदल यात दोन महिने घालवले. मग एका दिवसात तिला तीन फिट्स आल्या. त्या रात्रीची तिची नजर अजून डोळ्यांसमोर आहे. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिट्स आल्या तर औषध सुरू करावं, अशी पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची 2015 ची शिफारस आहे. तुमचा कुत्रा त्यात बसतो.

वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं आणि आदल्या दिवशी काय वेगळं घडलं ते लिहा, जमलं तर व्हिडिओ काढा. फिट आल्यावर तोंडात हात घालू नका. पाच मिनिटांपुढे गेली किंवा 24 तासांत दुसरी आली तर थेट दवाखाना गाठा. फेनोबार्बिटल हे फिट्स रोखणारं औषध सुरू झालं तर ते मनाने बंद करू नका, अचानक थांबवल्याने फिट्स उसळतात. पोटॅशियम ब्रोमाइड हे फिट्सवरचं दुसरं औषध दिलं तर आहारातलं मीठ एकसारखं ठेवा. मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे लवकर निघून जातं आणि डोस कमी पडतो. समुद्रात पोहताना कुत्रा पाणी गिळतो, तेसुद्धा यात धरा.