बाळ दोन महिन्यांचं आहे, अंगावर पाजताना काय खावं आणि काय टाळावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ संध्याकाळ झाली की रडायला लागतं आणि घरच्यांनी तुमचं वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ, केळं, मासे सगळं बंद केलंय. मी कळव्याला राहते, माझी मुलगी आता दीड वर्षाची आहे, आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. ती रडली की पहिला प्रश्न मला, "काल काय खाल्लंस?" एकदा रात्री दोनला पाजून उठले तर भुकेने हात थरथरत होते, लाईट न लावता ओट्यापाशी उभं राहून गार भाकरी गुळासोबत खाल्ली आणि रडूच आलं.

पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात हो, उपाशी राहू नका. दूध रक्तातून बनतं, आपल्या पोटातला गॅस दुधात उतरत नाही. हे संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं आपोआप कमी होतं. एखादा पदार्थ खरंच बाधतोय असं वाटलं तर तेवढाच चार दिवस थांबवून बघा, अख्खं ताट नको. बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं किंवा त्याचं वजन वाढत नसेल तर मात्र लगेच डॉक्टर.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी हे सगळं मी आवडीने खाल्लं, अळीव दुधात भिजून फुगले की त्यात गूळ आणि ओलं खोबरं, काय छान लागतं, लोहही मिळतं. पण दूध वाढतं ते बाळाला वारंवार पाजल्याने, हे कुणी सांगतच नाही. मासे खा, बांगडा, बोंबील, मांदेली चालतात, फक्त मुशी (शार्क) नको, त्यात पारा जास्त असतो. चहा दोन-तीन कप ठीक. दारू, तंबाखू, मिश्री अजिबात नको आणि कुठलंही औषध विचारल्याशिवाय घेऊ नका. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवा.

सासूबाई काळजीपोटीच सांगतात, वाद घालू नका. दहाव्या आठवड्याच्या लसीच्या डोसला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा. आमच्याकडे त्या दिवशी परत येताना सासूबाईंनी स्वतःच स्टेशनबाहेरून डझनभर केळी घेतली.