बडोद्यात राहून डेटा व्हिज्युअलायझेशनमध्ये संशोधन आणि पुढे प्राध्यापकी जमेल का?
स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झालंय, पण चित्रकला येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. काही अडत नाही. डेटा व्हिज्युअलायझेशन म्हणजे आकडेवारी आलेखांतून, चित्रांतून दाखवणं; पण देखणे आलेख काढणं म्हणजे संशोधन नव्हे. माणूस आलेख कसा वाचतो आणि कुठे फसतो, हे तपासणं खरं काम. १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅक्‌गिल या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलं, की एकाच मापपट्टीवरची स्थानं आपण बरी ताडतो, कोन ताडताना जास्त चुकतो. (वर्तुळाच्या फोडी करून दाखवणारा पाय-चार्ट उगाच बदनाम नाही!) २०१० मध्ये हीर आणि बोस्टॉक यांनी तसाच प्रयोग इंटरनेटवरच्या लोकांकडून करून घेतला आणि निष्कर्ष जुळले. म्हणजे दांडिया बाजारातल्या घरी बसूनही असं काम होतं. फक्त माणसांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या.

पेपरचं म्हणाल, तर आयट्रिपलई व्हिस (IEEE VIS) या व्हिज्युअलायझेशनच्या परिषदेचे मुख्य पेपर जर्नलमध्येच छापले जातात, त्यामुळे 'पेपर परिषदेला द्यावा की जर्नलला' ही कटकट कमी.

सयाजीराव विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सही आहे, फाइन आर्ट्सही. अप्लाइड आर्ट्सवाल्यांशी ओळख वाढवा. पीएच.डी.चा गाइड मात्र नाव बघून धरू नका. त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, ते त्या विद्यार्थ्यांनाच विचारा.