'स्नेक केस' म्हणजे सर्पप्रकरण नव्हे

ऐरोलीहून विचारणा आली आहे. कोड तपासताना वरिष्ठ म्हणतात, 'हे व्हेरिएबल स्नेक केसमध्ये कर', म्हणजे नाव सगळं लहान अक्षरांत आणि शब्दांच्या मध्ये '_' ही रेघ. पारिभाषिक शब्दांच्या एका यादीत त्याला 'सर्पप्रकरण' म्हटलं आहे, ते चालेल का? आणि लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, हीच पद्धत का?

चालणार नाही. साप ठीक आहे, घोळ 'प्रकरणा'चा आहे. ही केस म्हणजे पेटी, लॅटिन 'काप्सा'. युरोपातल्या छापखान्यात जुळारी खणाखणांच्या लाकडी पेट्यांतून अक्षरांचे धातूचे खिळे वेचत असे. दोन पेट्या एकीवर एक तिरप्या मांडलेल्या, मोठी अक्षरं वरच्या पेटीत, लहान खालच्या. अपर केस आणि लोअर केस तिथून आले. याच काप्साची पोरं म्हणजे कॅप्सूल, कॅसेट आणि रोकड या अर्थाची कॅश: आधी पैशाची पेटी, मग पेटीतला पैसा. प्रोसेसरमधली कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली जलद मेमरी, मात्र फ्रेंचमधल्या 'लपवणे' या क्रियापदाची. मराठीत आपण दोन्ही सारखंच लिहितो, म्हणून त्यांचं नातं जुळवू नये.

कोर्टातली केस तिसऱ्याच घरची. लॅटिन 'कासुस', म्हणजे पडणं. मराठीतही वेळ पडते, प्रसंग पडतो, गाठ पडते, तोच हा विचार. सी या प्रोग्रामिंग भाषेत अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या 'स्विच'मधली केस ही पडणारी, आणि त्याच फाइलमधल्या नावांची केस पेटीतली! स्पेलिंग एक म्हणून शब्द एक, असं धरून चालणाऱ्या यादीकारांनी व्युत्पत्ती उघडून पाहण्याचे कष्टही घेतलेले नाहीत. स्विचच्या केसला 'प्रकरण' म्हणा, हवं तर. नावांसाठी 'अधोरेखी' म्हणा, कारण शब्द जोडते ती अंडरस्कोर, म्हणजे अधोरेखा.

तयार मराठी शब्द नसण्याचं कारणही पेटीतच आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात जोडाक्षरांसकट खिळे शेकड्यांनी लागत, पण मोठा 'क' आणि लहान 'क' असा भेद देवनागरीत नाहीच.

आता कर्नल. सी भाषा मोठं-लहान अक्षर वेगळं मानते. तरीही १९८९च्या मानकात, दुसऱ्या फाइलींना दिसणाऱ्या नावाची पहिली ६ अक्षरंच ओळखण्याची हमी होती, आणि तिथे पेटीभेद, म्हणजे मोठ्या-लहान अक्षरांतला फरक, पाळण्याची सक्तीही नव्हती. स्ट्रकॉपी, स्ट्रलेन ही नावं इंग्रजीत मोजून सहा अक्षरांची आहेत ती पाहा. १९९९च्या मानकाने ही मर्यादा ३१ केली, तेव्हा अधोरेखेला ऐसपैस जागा झाली. कर्नलच्या शैलीनियमांत जागतिक फंक्शनचं नाव सविस्तर आणि अधोरेखी हवं, लूपमधला मोजणारा नुसता 'आय' पुरे. मोठी अक्षरं स्थिरांकांच्या मॅक्रोंना. मॅक्रो म्हणजे मजकुराची अदलाबदल, म्हणून तो नावावरून ओळखू यावा हे बरं: कमाल काढणारा मॅक्रो साधेपणाने लिहिला आणि त्याला 'आय++', म्हणजे 'आय एकाने वाढव', असं दिलं, तर वाढ दोनदा होऊ शकते. नावाची सुरुवात दोन अधोरेखांनी, किंवा अधोरेखा आणि मोठ्या अक्षराने करू नये, ती नावं कंपायलर आणि लायब्ररीसाठी राखीव आहेत. शेवटी 'अधोरेखा-टी' लावलेली नावं पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने राखली आहेत, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

पेटीचा सर्वांत मोठा फटका फाइलनावांत बसतो. कर्नलच्या नेटफिल्टर या, नेटवर्कवरची पाकिटं गाळणाऱ्या, विभागात कनमार्कच्या दोन हेडर फाइली आहेत, एकीच्या नावात हा शब्द मोठ्या अक्षरांत, दुसरीत लहान. मॅकच्या किंवा विंडोजच्या नेहमीच्या डिस्कवर दोन्ही एकच ठरतात, एक दुसरीवर लिहिली जाते, आणि कोड क्लोन केल्या केल्या, म्हणजे त्याची प्रत उतरवताच, काही न बदलता, गिट हे बदल नोंदणारं साधन बदल दाखवू लागतं. अशा वेळी फाइली पूर्ववत करण्यात वेळ घालवू नये. मॅकवर डिस्क युटिलिटीतून पेटीभेद पाळणारा एपीएफएस (ॲपलची डिस्करचना) व्हॉल्यूम करा, विंडोजवर डब्ल्यूएसएल या, विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या, सोयीच्या आतल्या लिनक्स डिस्कवर क्लोन करा.