वाचकांचे प्रश्न : मंडळाचं स्थापना वर्ष कोणतं धरायचं?

प्रश्न : गावातल्या हौशी संगीत नाटक मंडळाचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहायचा आहे. नोंदणी 1956 ची आहे, पण जुनी मंडळी 'त्याच्या कितीतरी आधी' म्हणतात. एका हँडबिलावर 'शके 1871, माघ वद्य 5' एवढंच छापलंय. नकला, हिशेबाच्या वह्या आणि काही कॅसेट्स आहेत. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : हँडबिलापासूनच करा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, मात्र 1 जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79 मिळवायचे. माघ त्या टप्प्यात पडतो, म्हणून तुमचा प्रयोग 1950 च्या फेब्रुवारीतला. सरसकट 78 धरून 1949 लिहिण्याची चूक अनेक स्मरणिकांत सापडते. तारीख जुन्या पंचांगावरून काढा. तिथी सूर्योदयाची धरतात आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं, तेव्हा वर्तमानपत्रातली तारीख एक दिवस पुढची निघाली तर गडबडू नका.

1956 खोटं नाही, पण ते नोंदणीचं वर्ष आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने नोंदणी सक्तीची केली, त्यामुळे जुन्या संस्थेच्या कागदावरही पुढचंच साल दिसतं. पहिला प्रयोग, मंडळाचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते वर्ष आणि नोंदणी, या तीन तारखा वेगवेगळ्या द्या. पहिला प्रयोग किती अंकांचा, हेही सांगा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात रंगभूमीवर आलं ते पहिल्या चार अंकांपुरतं. 'सौभद्र'ही 1882 मध्ये तीनच अंकांनी सुरू झालं. मग गावच्या मंडळाने अर्धंच नाटक केलं असेल तर लपवायचं कशाला?

नकलेत एकाच पात्राची भाषणं असतात, त्यामुळे तिच्यावरून प्रयोग उभा राहत नाही. प्रॉम्प्टरची प्रत शोधा. कोणती पदं गाळली, कुठे वन्समोअर येई, ते तिच्या समासात सापडतं. हिशेबाच्या वहीत पेट्रोमॅक्सचं भाडं, तबलजीची बिदागी, ऑर्गन आणायची बैलगाडी असं काहीबाही असतं. आठवणींपेक्षा या नोंदींवर भरवसा ठेवा, कारण त्या त्याच रात्री झालेल्या असतात. कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच: चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. मऊ पेन्सिलने मागे क्रमांक टाका आणि सपाट ठेवून फोटो काढा.

कॅसेट लगेच वाजवू नका. पेन्सिल चाकात घालून हाताने थोडी फिरवून बघा. अडली, तर फीत कवचाला चिकटलेली असू शकते. जोर केला की तुटते. वेगही तपासा. वेग सुमारे सहा टक्क्यांनी कमी झाला की अख्खा अर्धा स्वर उतरतो, आणि काळी एकचा (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) गायक पांढरी एकमध्ये ऐकू येतो. त्या काळचा ऑर्गन मंडळाकडे अजून असेल तर त्याच्याशी स्वर ताडून मगच 'अमक्या पट्टीत गात' असं छापा.