‘इनन्डेट’ आणि नदीची ओटी

प्रिय मनू,

शब्दयादीतल्या ‘इनन्डेट’चा अर्थ विचारलास आणि लगेच म्हणालास, “तुम्ही लोक पुराला नारळ का देता? त्यात तर माणसं मरतात.” ते ‘तुम्ही लोक’ लागलं जरा. असो, आधी शब्द: ‘इनन्डेट’ म्हणजे पाण्यानं बुडवून टाकणं.

पुढचा ‘इन’ आणि मागचा ‘एट’ काढ. मधे उरते लॅटिन ‘उंडा’, म्हणजे लाट. ‘अबंडंट’, म्हणजे उतू जाईल इतकं, आणि ‘रिडंडंट’, म्हणजे सांडून उरलेलं, हे दोन्ही तिथलेच. खरी गंमत ‘सराउंड’ची. तो मुळात ‘सुपर’ अधिक ‘उंडारे’, वरून वाहणं. सुरुवातीला इंग्रजीत त्याचा अर्थच पाण्याखाली घालणं असा होता. पुढे लोकांना त्यात ‘राउंड’ ऐकू आला आणि अर्थ ‘वेढणं’ झाला. ‘लाँड्री’ मात्र यात ओढू नकोस. स्पेलिंग फसवं आहे. ती ‘लाव्हारे’, म्हणजे धुणं, यातून आली. ‘डेल्यूज’ तिच्या घराण्यातला, धुऊन नेणारा.

‘उंडा’चं भावंड संस्कृतात आहे: ‘उन्द्’, ओलं करणं. त्यातून उदक, समुद्र आणि ओदन, म्हणजे आपला भात. पण वर्गात ‘लॅटिन संस्कृतातून निघाली’ असं ठोकून देऊ नकोस, मामाच्या व्हॉट्सॲपसारखं. दोघींची आई तिसरीच, त्यांच्याहून जुनी.

आपला ‘पूर’ या घरचा नाही. तो भरण्यातून आला. पूर्ण, पुरे, पुरणपोळीतलं पुरण, सगळे त्याचे सख्खे. इंग्रजी ‘फुल’ चुलत. म्हणजे शब्दात संकट नाहीच, नदी भरली एवढंच. नाईलच्या दरवर्षीच्या पुरालाही इंग्रजीत ‘इनन्डेशन’ म्हणतात, आणि त्याची तर वाट बघत, कारण गाळ शेतात यायचा. १९६४ पासून आस्वानच्या मोठ्या धरणात पाणी अडवू लागले, तोवर इजिप्तमध्ये नाईलचा पूर दरसाल यायचाच.

लहानपणी आमच्याकडे पूर बघायला जाणं हा कार्यक्रमच असे. नरसोबाच्या वाडीला पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्यात अंघोळीला लोक लांबून येतात. आजी नदीची ओटी भरायची: खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. माहेरवाशिणीची भरतात तशीच. ती भरून आली आहे ना, मग रिकामी कशी पाठवायची?

त्यानं पाणी उतरतं का? नाही. २०१९ ला सांगलीत ते किती चढलं, तू बातम्यांत पाहिलंस. पण ओटी भरणारी माणसं मोजमाप सोडत नाहीत: आयर्विन पुलाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. इशाऱ्यालाच गुरं सोडून वर न्यायची, धान्य माळ्यावर चढवायचं; धोक्याची वाट बघणारे अडकतात, कारण तोवर रस्ता बुडालेला असतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून फेकलेल्या ओटीचं मात्र समर्थन मी करणार नाही. आणि घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर वाकून ओटी सोडणं हा निव्वळ वेडेपणा. तुझा मुद्दा तिथं बरोबर आहे.

तुला हे पटायलाच हवं असं नाही. पण येत्या जुलैत आत्याला फोन करून नुसतं विचार, “पाणी कुठवर आलं?” ती फुटांत नाही, पायऱ्यांत सांगेल.

तुझी,
आई